मोकाट आणि मोकळे

मराठीत ‘मोकाट’ आणि ‘मोकळे’ हे शब्द एकमेकांच्या शेजारी राहतात, पण त्यांचे फारसे पटत नाही. मोकाट कुत्र्याचा बंदोबस्त करायचा असतो, मोकळ्या कुत्र्याचे कौतुक. साखळी दोघांच्याही गळ्यात नसते. फरक एवढाच, की एकाच्या मागे त्याची जबाबदारी घेणारा माणूस उभा असतो. अमेरिकेतील ‘डॉग पार्क’चा, म्हणजे कुत्र्यांना साखळीवाचून हुंदडता यावे म्हणून राखलेल्या सार्वजनिक जागेचा इतिहास पाहू लागलो, की हा फरक कायद्यात आणि कुंपणात कसा उतरला ते दिसते. आपण त्याकडे सुखवस्तू समाजाचे चोचले म्हणून पाहतो. पण त्याचे मूळ एका जमिनीच्या भांडणात आहे.

हे भांडण कॅलिफोर्नियातील बर्कली या विद्यापीठाच्या गावातले. विद्यापीठाने घरे पाडून मोकळी केलेली एक जागा चिखलात पडून होती. एप्रिल १९६९ मध्ये विद्यार्थ्यांनी आणि रहिवाशांनी तेथे परवानगीवाचून झाडे लावली, हिरवळ अंथरली आणि तिला ‘पीपल्स पार्क’ असे नाव दिले. १५ मे रोजी पहाटे विद्यापीठाने त्या जागेभोवती कुंपण घातले. दंगल उसळली, पोलिसांनी बंदुका चालवल्या. त्यात जखमी झालेला जेम्स रेक्टर हा तरुण चार दिवसांनी मरण पावला. गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी नॅशनल गार्डचे सैनिक गावात उतरवले. साठच्या दशकावरील लेखनात हा प्रसंग वारंवार येतो. त्याच्या शेपटाला लागून आलेली गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाही.

कुंपणाबाहेर पडलेल्या मंडळींपैकी काहींनी हर्स्ट ॲव्हेन्यूच्या कडेचा एक लांबट पट्टा गाठला. तोही घरे पाडूनच मोकळा झालेला होता, पण कारण वेगळे होते. नव्या रेल्वेचे रूळ गावाच्या डोक्यावरून न जाता जमिनीखालून जावेत म्हणून बर्कलीच्या मतदारांनी १९६६ मध्ये जादा खर्चाचा भार स्वतः उचलायचे ठरवले होते. त्यासाठी येथे खोदकाम चालले होते. बोगद्यावरच्या या जमिनीत लोकांनी पुन्हा रोपे लावली आणि तिला पीपल्स पार्कची ‘पुरवणी’ म्हटले. पुरवणीला मूळ ग्रंथाची प्रतिष्ठा नसते. कदाचित म्हणूनच ती टिकली. पुढे त्या जागेचे रीतसर उद्यान झाले आणि त्याला या भूमीच्या मूळ रहिवाशांचे, ओलोनी जमातीचे, नाव मिळाले. ज्यांची जमीन गेली त्यांचे नाव बागेला द्यायचे, ही रीत आपल्यालाही अपरिचित नाही.

याच उद्यानाच्या एका कोपऱ्यात १९७९ मध्ये, प्रयोग म्हणून, कुत्र्यांसाठी कुंपण घातलेली जागा राखण्यात आली. अमेरिकेतील पहिले डॉग पार्क म्हणून सामान्यतः हिचाच उल्लेख होतो. तो काळ कुत्रेवाल्यांना अनुकूल नव्हता. कुत्र्याची घाण मालकाने उचललीच पाहिजे, हा न्यूयॉर्कचा कायदा १ ऑगस्ट १९७८ पासून लागू झाला. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत हार्वी मिल्क यांनी तशाच नियमाचा पुरस्कार करताना कॅमेऱ्यांसमोर, ड्युबोस पार्कमध्ये, मुद्दाम घाणीत पाय दिला होता. राजकारणात एरवी तो न ठरवता पडतो, एवढाच काय तो फरक.

अशा वातावरणात कुत्री पाळणाऱ्यांनी नगरपालिकेशी जो सौदा केला, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. एका ठरावीक जागेत साखळी सोडू द्या. घाण आम्ही उचलू, भांडणे आम्ही सोडवू, जागेची काळजी आम्ही घेऊ. जमीन नगराची, श्रम वापरणाऱ्यांचे. ओलोनी पार्कमध्ये यासाठी वापरणाऱ्यांचीच संघटना उभी राहिली, आणि पुढे गावोगावच्या डॉग पार्कमागे अशीच स्वयंसेवक मंडळे दिसू लागली. त्यांचे काम अगदी नीरस असते: कुत्र्यांनी उकरलेले खड्डे बुजवणे, पिशव्या संपल्या की भरून ठेवणे, नव्याने येणाऱ्याला दुहेरी फाटकातले पहिले लावल्याशिवाय दुसरे उघडू नये हे शंभराव्यांदा सांगणे, भुंकण्याला वैतागलेल्या शेजाऱ्याचे निमूटपणे ऐकून घेणे. या कामावर कोणी पोवाडा रचणार नाही.

पण एक विसंगती नजरेआड करता येत नाही. १९६९ मध्ये जे कुंपण दडपशाहीचे चिन्ह ठरले, तेच दहा वर्षांनी पुरवणीच्या भूमीवर नागरिकांनी मागून घेतले. याला कोणी पराभव म्हणेल. मी म्हणणार नाही, कारण मूळ पीपल्स पार्कचे पुढे काय झाले ते आपल्यासमोर आहे. जानेवारी २०२४ मध्ये रातोरात त्याच्याभोवती मालवाहू कंटेनरांची दुमजली भिंत उभी राहिली, जूनमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल विद्यापीठाच्या बाजूने लागला आणि वसतिगृहाचे बांधकाम सुरू झाले. कोपऱ्यातली कुत्र्यांची जागा मात्र राहिली.

या सौद्याला एक मर्यादा आहे. तो करायला मालक लागतो. ज्याच्या मागे कोणीच उभे नाही, त्या कुत्र्याला डॉग पार्कच्या फाटकातून प्रवेश नाही. आपला इतिहास नेमका या दुसऱ्या कुत्र्याचा आहे. कंपनी सरकारच्या अमलातील मुंबईत बेवारशी कुत्री मारणाऱ्याला कुत्र्यामागे आठ आणे मिळत. ६ जून १८३२ रोजी त्याविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला. झरतुष्ट्री धर्मात कुत्र्याला पवित्र स्थान आहे. मृतदेहावर त्याची नजर पडणे हा अंत्यविधीचाच भाग मानला जातो. दुकाने बंद झाली, कुलाब्याच्या छावणीची रसद अडली. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आदींच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ स्थापन झाली. तीही लोकांच्याच बळावर उभी राहिली, पण तिच्यामागची कल्पना निराळी होती. डॉग पार्क हा नागरिकाने मागितलेला हक्क, तर पांजरपोळ हे धार्मिकाने केलेले पुण्य. पुण्याच्या व्यवहारात रस्ता कोणी झाडायचा हा प्रश्न निघत नाही.

तो आता निघू लागला आहे. श्वान प्रजनन नियंत्रणाच्या २०२३ च्या नियमांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांना अन्न घालण्याच्या जागा ठरवून देण्याची आणि घालणाऱ्याने त्या स्वच्छ ठेवण्याची अट घातली. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानेही अशा नेमून दिलेल्या जागांचा आग्रह धरला. ठरावीक जागा आणि सफाईची हमी, या दोन्ही अटी बर्कलीच्याच. मात्र येथे अन्न घालणारा त्या कुत्र्याचा मालक नाही, आणि तो चावला तर कोणाला बोलावायचे यावर आमच्या गल्लीत अजून एकमत नाही.