ओसरी आणि जाळी : एका गृहभागाच्या स्थानांतराचा इतिहास

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्याच्या पूर्वेस, मुंढवा, केशवनगर व खराडी या परिसरात, मुळा-मुठा नदीच्या पात्रावर कीटकांचे भोवऱ्यासारखे फिरणारे उंच स्तंभ दिसले. वृत्तपत्रांनी त्यांस 'डासांचे वादळ' असे नाव दिले. सांडपाण्याने दूषित होऊन साचलेले पाणी व त्यावर पसरलेली जलपर्णी ही त्याची कारणे सांगण्यात आली. सज्जात बसणे व खिडक्या उघडणे अशक्य झाले आहे, अशी तक्रार नदीकाठच्या बहुमजली इमारतींतील रहिवाशांनी केली. घराच्या उघड्या भागास बारीक तारेची जाळी लावून घ्यावी, वारा आत यावा आणि कीटक बाहेर राहावे, ही कल्पना अशा वेळी आकर्षक वाटावी यात नवल नाही. इतिहासाच्या अभ्यासकापुढे मात्र निराळाच प्रश्न उभा राहतो. ज्या प्रदेशात हिवतापाचा उपद्रव पिढ्यान्‌पिढ्या होता आणि ज्याच्या घरांत ओसरी, पडवी, सोपा, ओटी असे उघडे भाग विपुल होते, तेथे जाळीबंद ओसरी रुजली नाही, आणि आज खराडीच्या सज्जावर तीच जाळी विनासायास बसते, हे कसे?

प्रथम या उघड्या भागांचे स्वरूप पाहिले पाहिजे. कोकणातील घर बाहेरच्या बाजूस उलगडते : अंगण, पडवी, तिच्याहून उंच असलेली ओटी, मग माजघर, आणि मागे पुन्हा पडवी व परसू. उतरत्या छपराची पडवी पावसाची झड भिंतीपासून दूर ठेवते. देशावरील वाडा याउलट अंतर्मुख असतो. रस्त्याकडे जाड भिंत, दिंडी दरवाजा व देवडी, आणि उघडेपणा सर्व आतल्या चौकाभोवती, सोपा व ओसरी यांच्या रूपाने. उष्ण व कोरडी हवा आणि असुरक्षित काळ ही दोन्ही कारणे या रचनेमागे दिसतात. सामान्य कुणब्याच्या घरास चौक नसला तरी पुढे ओसरी असे; तीवर धान्याची पोती, औते, आजारी माणूस आणि पाहुणा यांस एकाच वेळी जागा मिळे. इंग्रजी अमदानीपूर्वीची पंतोजींची शाळाही अनेकदा एखाद्या ओसरीवरच भरे.

या भागाचे खरे कार्य केवळ सावली देणे हे नव्हते. बाहेरच्या माणसास घरात न घेता घराशी जोडून घेण्याची ती सोय होती. 'भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी' या म्हणीत हीच गोष्ट गृहीत धरलेली आहे. ओसरी परक्यास देता येते, परंतु ती दिल्याने घर दिले असे होत नाही. तेथे बसण्याचा अधिकार सर्वांस सारखा नव्हता, हेही तितकेच स्पष्टपणे नमूद केले पाहिजे. कोणी ओटीवर गादीशी बसावयाचे, कोणी पडवीच्या कडेस टेकावयाचे, कोणी अंगणात उभे राहावयाचे, हे जातीवरून ठरलेले असे. अस्पृश्य मानलेल्यांस बहुधा अंगणाच्याही बाहेर थांबावे लागे. परके पुरुष बसलेले असता घरातील स्त्रियांचा वावर माजघराच्या उंबरठ्याशी थांबत असे. ओसरीच्या मोकळेपणाविषयी हळवेपणाने लिहिणाऱ्यांस या गोष्टींचा विसर पडतो. ती मोकळी होती ती पायऱ्यापायऱ्यांनी.

छावणीच्या वसाहतीबरोबर बंगला आणि त्याचा 'व्हरांडा' पुण्यास आला. या शब्दाचे मूळ पोर्तुगीज की भारतीय, याविषयीचा वाद १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशातही आढळतो. मराठीस वस्तू नवी नव्हती, तिचे स्थान नवे होते : घराच्या चोहोंकडून, आवाराच्या मध्यभागी, रस्त्यापासून दूर. तेथे ऊन अडविण्यास चिकाचे पडदे आणि उन्हाळ्यात पाणी शिंपडलेले वाळ्याचे पडदे लावीत. पडदा गुंडाळता येतो, आणि तो गुंडाळला की व्हरांडा पुन्हा उघडा होतो. जाळीचे तसे नाही. तिच्यात एक फट राहिली तरी ती निरुपयोगी ठरते. तिला चौकट लागते, आणि आपोआप मिटणारे दार लागते.

तारेची विणलेली जाळी घरास लावण्याची पद्धत पसरली ती अमेरिकेत, आणि तीही काहीशी योगायोगाने. कनेक्टिकट राज्यातील गिल्बर्ट अँड बेनेट ही मंडळी चाळण्या बनवीत. १८६१ साली यादवी युद्ध सुरू होऊन दक्षिणेकडील गिऱ्हाईक तुटले, तेव्हा पडून राहिलेल्या चाळणीच्या जाळीस रंग देऊन ती खिडक्यांसाठी विकण्यात आली. त्या वेळी शत्रू मानली जात होती ती माशी व डासाचा दंश; डासाने रोग पसरतो हे अद्याप कोणास सिद्ध करता आले नव्हते. २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांस सिकंदराबाद येथे डासाच्या जठरात हिवतापाचे परोपजीवी जंतू दिसले, आणि जाळीस शास्त्राचा आधार मिळाला. १९०० साली पॅट्रिक मॅन्सन यांच्या योजनेनुसार सॅम्बन व लो हे दोघे रोमजवळच्या हिवतापग्रस्त दलदलीत जाळीबंद झोपडीत राहिले. सूर्यास्तापूर्वी आत जावयाचे व सूर्योदयानंतर बाहेर पडावयाचे, एवढाच त्यांचा नियम होता. तो पाळल्याने ते निरोगी राहिले. पुढे पनामा कालव्याच्या बांधकामात (१९०४–१९१४) अमेरिकन कर्मचाऱ्यांच्या घरांचे व्हरांडे जाळीने बंद करण्यात आले. दमट हवेत लोखंडी तार गंजते, म्हणून तेथे तांबे वा तांबेमिश्रित धातूची जाळी वापरावी लागली. हा खर्च कोणाच्या घरासाठी झाला आणि कोणाच्या नाही, हे पाहिले म्हणजे जाळीबंद व्हरांडा प्रारंभी कोणत्या वर्गाची वस्तू होती हे कळते.

हिंदुस्थानात रॉस यांनी स्वतः भर दिला तो जाळीवर नव्हे, डासांची पैदास थांबविण्यावर. १९०२ सालचे त्यांचे पुस्तक डासविरोधी पथकांच्या संघटनेविषयी आहे. मुंबईतील हिवतापाचा शोध घेणाऱ्या बेंटली यांचा १९११ सालचा अहवालही विहिरींकडे बोट दाखवितो. विहिरी बुजविण्याच्या वा झाकण्याच्या मोहिमेस पारशी व हिंदू या दोन्ही समाजांतून धार्मिक कारणांवरून विरोध झाला. मुंबईत शासनसंस्था व नागरिक यांचा झगडा झाला तो विहिरीच्या झाकणावरून. ओसरीच्या जाळीचा प्रश्न ऐरणीवर आला नाही. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि घराघरांच्या भिंतींवर डी.डी.टी. फवारण्यात आले. १९६१ साली देशातील नोंदलेले हिवतापाचे रुग्ण सुमारे ५० हजारांवर आले, तेव्हा जाळीचा विचार करण्याचे कारणच उरले नाही. १९७६ साली हाच आकडा ६४ लाखांवर गेला, परंतु तोपर्यंत शहरांतील घरबांधणीचे रूप पालटू लागले होते.

केवळ खर्च हे जाळी न रुजण्याचे पुरेसे कारण मानता येत नाही. मध्यमवर्गीय मराठी घरात तारेची जाळी पोचली होतीच. दूध, लोणी व उरलेले अन्न मांजर आणि माश्या यांपासून राखणारे जाळीचे कपाट स्वयंपाकघरात सर्रास असे. निजावयास मच्छरदाणी होती. म्हणजे अन्नास जाळी मिळाली, अंथरुणास मिळाली, ओसरीस मिळाली नाही. याचे कारण ओसरीच्या कार्यातच शोधावे लागते. जिच्यावर शेजारी न विचारता येऊन टेकावा, जिच्या कडेस विक्रेत्याने पाटी उतरवावी, त्या जागेस मिटणारे दार लावणे म्हणजे तिचे माजघर करणे होय. जाळी डासाबरोबर माणसासही अडविते.

खराडी हे हवेली तालुक्यातील गाव १९९७ साली पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले आणि पुढील दोन दशकांत माहिती-तंत्रज्ञानाची संकुले व उंच निवासी इमारती यांनी ते भरून गेले. या इमारतींत ओसरीचा वारसा म्हणून उरला तो सज्जा. त्याचे स्थान मात्र नेमके उलटे आहे. घरात येणारा मनुष्य उद्वाहकाने येतो, बंद दाराशी घंटा वाजवितो. सज्जा असतो तो दिवाणखान्याच्या पलीकडे, घराच्या अगदी शेवटी, आणि त्याच्यासमोर फक्त आकाश. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने चटई क्षेत्राची व्याख्या करताना 'अनन्य' सज्जा वा व्हरांडा त्यातून वगळला आहे. अनन्य म्हणजे केवळ त्या सदनिकाधारकाच्या उपयोगाचा. जुन्या अर्थाने अनन्य ओसरी हा वदतोव्याघात ठरला असता. ज्या जागी कोणी येऊन बसणारच नाही, तेथे जाळी लावताना कोणास अडविल्यासारखे होत नाही. म्हणून सरकत्या चौकटीतील डासांची जाळी, कबुतरांसाठी नायलॉनची आणि मुलांच्या सुरक्षेसाठी लोखंडाची, अशा तीन-तीन जाळ्या एकाच सज्जावर निर्वेधपणे बसू शकतात. त्यांचा लाभ खरा आहे, विशेषतः डेंग्यूच्या बाबतीत. कारण तो पसरविणारा एडीस डास दिवसा चावतो आणि रात्रीची मच्छरदाणी त्याच्यापुढे अपुरी पडते. बारीक जाळीने वारा काहीसा कमी होतो, तेवढी किंमत रहिवासी देतात.

परंतु एडीस डासास नदीचे घाण पाणी नको असते. त्यास घरातील स्वच्छ, साठलेले पाणी पुरते, आणि सज्जातील कुंड्यांखालच्या बशांत ते जाळीच्या आतच असते. त्यांची तपासणी करण्यास आलेला पालिकेचा आरोग्य कर्मचारी दारातून काम उरकू शकत नाही. त्यास उंबरठा ओलांडून, दिवाणखान्यातून, जाळीचे दार सरकवून सज्जापर्यंत जावे लागते. आणि पुष्कळदा दार उघडले जात नाही.