जीपचा काटा, 'अर्थ' आणि आपले मिस्त्री

जुन्या जीपचा पेट्रोलचा काटा खरं बोलत नाही, हे ज्याने ती चालवली आहे त्याला समजावून सांगावं लागत नाही. टाकी अर्धी असली तरी काटा तळाला पडलेला, नाहीतर टाकी कोरडी ठणठणीत आणि काटा वर टेकून उभा. आपल्या भागात यावर दोनच उपाय चालत आले. एक म्हणजे झाकण उघडून आत लाकडी पट्टी बुडवून पाहणे. दुसरा म्हणजे मिस्त्रीकडे जाणे. पट्टीचा उपाय हसण्यासारखा वाटतो, पण फोर्डच्या प्रसिद्ध 'मॉडेल टी'ची टाकी सीटखाली असायची आणि लोक सीट उचलून काडी बुडवूनच पेट्रोल मोजायचे. डॅशबोर्डवर घड्याळासारखा काटा बसणं ही नंतरची चैन.

हा लेख त्या काट्याचा आणि तो दुरुस्त करणाऱ्या हातांचा आहे. वाटेत महिंद्रा, मोहम्मद, बगदाद आणि वर्धा एवढी गावं आणि माणसं लागतील. वाचकांनी धीर धरावा.

आधी जीप. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. त्या काळात कैलासचंद्र महिंद्रा हे वॉशिंग्टनमध्ये भारताच्या खरेदी मिशनचे प्रमुख होते. परत आल्यावर ते, त्यांचे बंधू जगदीशचंद्र आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी २ ऑक्टोबर १९४५ रोजी एक कंपनी काढली. तिचं नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद'. सुरुवातीचा धंदा पोलादाचा. गुलाम मोहम्मद अलीगढचे पदवीधर, हिशेबाच्या खात्यात मुरलेले अधिकारी. फाळणी झाली, ते पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ साली गव्हर्नर जनरलही. १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. छापून ठेवलेल्या कागदांवरची 'एम अँड एम' ही अक्षरं वाया जाऊ नयेत म्हणून दुसराही 'एम'च ठेवला, अशी एक गोष्ट सांगतात. खरी असो वा नसो, गंमतीची आहे.

मला या नावापाशी थोडं थांबावंसं वाटतं. आपल्या मुलांना फाळणी शिकवताना आपण रेल्वेगाड्या आणि छावण्या सांगतो. एका भागीदारी कंपनीच्या पाटीवरून एक नाव गळून पडलं, हीसुद्धा फाळणीच आहे. पाटीवरचं नाव गेलं, पण गाडीच्या बॉनेटखाली हात घालणारी माणसं इथेच राहिली. ती यवतमाळला राहिली, पुसदला, दिग्रसला, दारव्ह्याला, पांढरकवड्याला राहिली.

मुंबईत माझगावला विलीज जीपची जोडणी सुरू झाली ती १९४९ मध्ये. अमेरिकेत १९५३ साली 'सीजे-३बी' हे उंच बॉनेटचं मॉडेल निघालं आणि पुढे तेच आपल्याकडे वर्षानुवर्षं बनत राहिलं. यवतमाळसारख्या जिल्ह्याला ही गाडी का मानवली, ते नकाशा पाहिला की कळतं. यवतमाळ शहराला रेल्वे म्हणजे मूर्तिजापूरहून येणारी अरुंद रुळांची शकुंतला, आणि तिला १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन ओढत होतं. बाकी सगळा कारभार रस्त्याचा. तोही काळ्या मातीचा, म्हणजे पावसाळ्यात रस्ता आणि शेत यांत फरक उरत नसे. २ ऑक्टोबर १९५२ ला सामूहिक विकास योजना सुरू झाली, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या, आणि 'साहेबांची जीप' गावच्या शिवारात शिरली. निवडणुकीत भोंगा लावलेली जीप, जंगल खात्याची जीप, जिनिंगवाल्या शेठची जीप. सरकारी कागदांत या सगळ्या गाड्यांची नोंद सापडेल. त्या चालू ठेवणाऱ्यांची नोंद कुठल्याच कागदात नाही.

आता काट्याकडे येतो. विज्ञानाच्या तासाला आम्ही जे पाठ करून घेतो, ते सगळं या एका काट्यात आहे.

जीपची टाकी चालकाच्या सीटखाली असते. टाकीच्या वरच्या पत्र्यावर हातात मावेल एवढं एक यंत्र स्क्रूंनी बसवलेलं असतं. गॅरेजात त्याला टंकीचा फ्लोट किंवा नुसतंच युनिट म्हणतात. त्याला एक लांब तार, तारेच्या टोकाला फ्लोट म्हणजे तरंगता गोळा. जुन्या काळी तो बुचाचा असे, नंतर पितळी पोकळ आला. पेट्रोल कमी झालं की गोळा खाली जातो, वरची दांडी फिरते आणि एका बारीक तारेच्या वेटोळ्यावर सरकते. त्यामुळे विजेला होणारा विरोध कमीजास्त होतो. याला मराठी पुस्तकात रोध म्हणतात आणि उर्दूत मुज़ाहमत. डॅशबोर्डवरचा काटा मोजतो ती ही मुज़ाहमत, पेट्रोलशी त्याची ओळखसुद्धा नसते.

बॅटरीतून निघालेली वीज काट्यात येते, तिथून एका वायरने टाकीवरच्या युनिटमध्ये. पण परत कशी जाते? परतीला वायरच नाही! ती युनिटच्या स्क्रूमधून टाकीच्या पत्र्यात, पत्र्यातून चेसिसमध्ये आणि चेसिसमधून बॅटरीच्या दुसऱ्या टोकाला जाते. गाडीचं अख्खं लोखंड म्हणजे परतीची वायर. याला मिस्त्री 'अर्थ' म्हणतात. परतीच्या वायरीचं काम जमिनीवर सोपवायची युक्ती तारायंत्रातली. जर्मनीत श्टाइनहाइल नावाच्या शास्त्रज्ञाने १८३८ मध्ये ती दाखवून दिली. मोटारीच्या बाबतीत मात्र जमिनीचा संबंध फक्त नावापुरता, कारण गाडी रबरी टायरवर उभी. आणखी एक गुंता म्हणजे बऱ्याच जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं अधिक टोक लोखंडाला जोडलेलं असे, अमेरिकन घडणीच्या गाड्यांत सहसा उणे. दोन्ही प्रकार हाताखालून गेलेला मिस्त्री बॅटरी जोडण्याआधी पाटी वाचतो, नवशिका जोडून मोकळा होतो.

काट्याचं दुखणं सहसा तीन ठिकाणी असतं. पितळी गोळ्याचा जोड सुटून आत पेट्रोल शिरलं तर गोळा बुडतो आणि काटा कायम रिकामा दाखवतो. वेटोळं एखाद्या जागी झिजलं तर काटा त्याच जागी उड्या मारतो. तिसरं दुखणं सगळ्यात जास्त दिसणारं आणि सगळ्यात कमी ओळखलं जाणारं: परतीची वाटच तुटलेली. टाकी रंगवलेली, खाली जाडजूड नमदा किंवा रबर, पट्टे गंजलेले, युनिटखाली नवं पॅकिंग आणि स्क्रूंना गळती थांबवायचा मसाला. पेट्रोल गळू नये म्हणून घेतलेली ही काळजीच विजेची वाट अडवते. गंज म्हणजे फुकटचा रोध, तो हिशेबात मिसळतो. ज्या गाड्यांत रोध वाढला की काटा खाली जातो, त्यांत टाकी भरलेली असून कमी दिसते, हे एकवेळ परवडलं. ज्यांत उलटं आहे त्यांत टाकी रिकामी असताना भरलेली दिसते, आणि माणूस पांढरकवड्याच्या घाटात उभा राहतो.

एका मिस्त्रीने मला हे सगळं एका वाक्यात सांगितलं होतं: "सर, काट्याले अर्थच भेटून नाही राहिला." मी मराठीही शिकवतो, त्यामुळे या वाक्यावर बराच वेळ हसलो. उर्दूच्या वर्गात मात्र मुलं लगेच विचारतात, सर, जमिनीला अर्ज़ म्हणतात, मग अर्थ तेच का? आवाज जवळचा आहे, एवढंच. त्यावरून नातं जोडू नये. आणि आपण तहसीलला करतो तो अर्ज तर आणखी वेगळा, तो ऐनने लिहितात, जमिनीचा अलिफने.

त्या मिस्त्रीची पद्धत पाहण्यासारखी होती. नवं युनिट घ्यायची घाई नाही. टाकीचं झाकण घट्ट लावलं, आजूबाजूच्या सगळ्यांना बिडी-सिगारेट घेऊन लांब पाठवलं. चावी चालू करून युनिटची वायर काढली, काटा एका टोकाला गेला. तीच वायर टाकीपासून दूर गाडीच्या लोखंडाला क्षणभर टेकवली, काटा दुसऱ्या टोकाला गेला. म्हणजे काटा चांगला, वायर चांगली, रोग टाकीकडे. मग वायर परत जागेवर लावली आणि दुसऱ्या एका वायरचं एक टोक युनिटच्या स्क्रूला, दुसरं चेसिसच्या घासून पांढऱ्या केलेल्या जागेला धरलं. काटा हलला आणि योग्य जागी येऊन थांबला.

बाकीचं काम साधं. बॅटरीचं टोक काढायचं. युनिट बदलायचंच असेल तर आधी वरची माती ब्रशने झाडायची, म्हणजे ती टाकीत पडत नाही. स्क्रू काढून दांडी तिरपी करून बाहेर घ्यायची, आणि कुठल्या बाजूला तोंड होतं ते लक्षात ठेवायचं, नाहीतर गोळा टाकीच्या भिंतीला अडकतो. नवं युनिट त्या काट्याच्याच जोडीचं हवं. दुकानदार 'सगळ्याला चालते' म्हणतो, पण ते चालत नाही. एका घडणीत रोध शून्य ते ९० ओहम फिरतो, दुसरीत २४० ते ३३. चुकीची जोडी बसवली तर काटा चालेल, पण सांगेल ते भलतंच. शेवटी थिंबल लावलेली स्वतंत्र अर्थ वायर, युनिटच्या स्क्रूपासून चेसिसपर्यंत. चेसिसची जागा रेगमालने घासून चकाकवायची, बोल्ट कसायचा आणि वरून ग्रीस, म्हणजे पुन्हा गंज धरत नाही.

रेगमाल. हा शब्द मी मुद्दाम ठेवला. रेग म्हणजे वाळू, माल म्हणजे घासणारा. शुद्ध फारसी. पेचकसही फारसीच, पेच कसणारा. उस्ताद, शागिर्द, कारखाना, हुनर हेही तिकडचेच. मिस्त्री मात्र पोर्तुगीज 'मेस्त्रे'वरून आला आणि चावीही पोर्तुगीजच. गॅरेज फ्रेंच, तेही इंग्रजांमार्फत. वऱ्हाडी बोलणाऱ्या एका माणसाच्या हातपेटीत एवढ्या भाषा एकत्र नांदतात आणि त्यांच्यात भांडण झाल्याचं मी ऐकलं नाही.

तरंगत्या गोळ्याचा इतिहास आपल्या समाजात हल्ली फार अभिमानाने सांगितला जातो. नवव्या शतकात बगदादमध्ये बनू मूसा या तीन भावांनी 'किताबुल हियल' लिहिली. तिच्यात सुमारे १०० करामती यंत्रं आहेत आणि अनेकांत तरंगता गोळा पाण्याची वाट उघडतो, बंद करतो. १२०६ मध्ये दियारबकरच्या अर्तुकी दरबारातल्या अल-जज़रीने आपला ग्रंथ पुरा केला. त्याच्या मोठ्या पाणघड्याळात टाकीतला गोळा एका चालीने खाली उतरतो आणि दोरीने वरचा सारा खेळ हलवतो. जीपच्या टाकीतला गोळा त्याच कुळातला. मात्र 'सगळं आधी आपणच शोधलं' ही खोड बरी नाही. गोळ्याची पाणघड्याळं त्याच्या कितीतरी आधी ग्रीकांच्या अलेक्झांड्रियात होती आणि हे अरब लेखक ग्रीकांचं ऋण लपवत नसत. अल-जज़रीची खरी थोरवी मला वेगळ्या गोष्टीत वाटते. तो दरबारी असूनही कारागीर होता. स्वतः बनवून पाहिलेल्या गोष्टी त्याने मापांसह, आकृत्यांसह, दुसऱ्याला बनवता येतील अशा लिहिल्या.

आणि आपण? जलशात अल-जज़रीचं नाव घेतो आणि घरी मुलाला म्हणतो, "नाही शिकलास तर गॅरेजला टाकीन." सच्चर समितीने २००६ च्या अहवालात मोटार दुरुस्तीची नोंद मुस्लिम कामगारांचा वाटा जास्त असलेल्या धंद्यांमध्ये केली आहे. म्हणजे आपल्यातल्या इतक्या घरांची चूल ज्या विद्येवर पेटते, तिलाच आपण शिक्षा म्हणून वापरतो.

बी.एड.ला 'वर्धा योजना' हा हमखास येणारा प्रश्न. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने वर्ध्याला, म्हणजे आपल्या शेजारच्या जिल्ह्यात, शिक्षण परिषद भरली आणि अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष झाले जामियाचे डॉ. झाकीर हुसेन. हस्तोद्योग शाळेच्या मधोमध ठेवायचा, गणित आणि विज्ञान त्याच्यातून शिकवायचं, असा त्या समितीचा अहवाल. मुस्लिम लीगने त्या योजनेला विरोध केला, आणि स्वातंत्र्यानंतर आपण सगळ्यांनी मिळून ती शांतपणे बाजूला ठेवली. चरखा आणि टकळीपुरती तिची आठवण उरली. टाकीचा फ्लोट वर्गात आणला असता तर ओहमचा नियम पोरांना किती लवकर कळला असता, हा माझा जुना हट्ट आहे.

आता त्या जीप संपत आल्या. १९८० च्या दशकात प्यूजोचं डिझेल इंजिन आलं आणि पेट्रोलच्या जीप मागे पडल्या. १५ वर्षांपुढच्या सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द होऊ लागली आणि कार्यालयांच्या आवारात गवतात उभी असलेली उरलीसुरली वाहनं भंगारात निघाली. दुसरीकडे २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांपुढच्या, मूळ रूपात ठेवलेल्या खासगी गाडीला 'विंटेज' म्हणून नोंदायची सोय केली. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, आणि रोजच्या वापराला मनाई. त्यामुळे नागपूर-पुण्याचे शौकीन आपल्याकडे जुनी जीप शोधत येतात. गाडी घेऊन जातात आणि महिन्याभराने फोन करतात, काटा चालत नाही म्हणून.

ज्या मिस्त्रीची पद्धत वर सांगितली त्याला मी ही सगळी रीत वहीत लिहून द्यायला सांगितलं. तो म्हणाला, "तुम्हीच लिहा, मी सांगतो." दोन रविवार बसलो. वायरिंगच्या आकृत्या त्याने स्वतः काढल्या, आणि खाली नावं उर्दूत लिहिली, कारण शाळा सातवीपर्यंत उर्दूतच झाली होती. वही तीस पानांची झाली आहे. डायनॅमो आणि कटआउटचं प्रकरण अजून बाकी आहे.