दीर्घ संसदीय कारकिर्दीचे मोजमाप : श्रीपाद नाईक आणि उत्तर गोवा

१. प्रश्नाची मांडणी

शिरगाव हे डिचोली तालुक्यातले लईराई देवीचे गाव. विधानसभेसाठी ते मये मतदारसंघात आणि लोकसभेसाठी उत्तर गोव्यात येते. १९९९ पासून या गावाचा खासदार बदललेला नाही. १९९९, २००४, २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ अशा सलग सहा निवडणुका श्रीपाद नाईक जिंकले. वाजपेयी आणि मोदी या दोन्ही पंतप्रधानांच्या सरकारांत ते राज्यमंत्री झाले.

एवढ्या लांब कारकिर्दीचे विवेचन करताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. माणूस इतकी वर्षे टिकतो कसा, हा पहिला. त्या टिकण्यातून मतदारसंघाला काय मिळते, हा दुसरा. आपल्याकडे पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला लावण्याची सवय आहे. सहा वेळा निवडून आले म्हणजे काम केलेच असणार, असे समर्थक म्हणतात; गावाचे खाणींचे दुखणे तसेच आहे म्हणजे काहीच केले नाही, असे विरोधक म्हणतात. टिकणे हे मतदारसंघातल्या राजकारणावर ठरते आणि करून दाखवणे हे हाती असलेल्या अधिकारावर. म्हणून दोहोंची मापे निराळी आहेत.

२. टिकण्याची कारणे

उत्तर गोव्याचा, म्हणजे पूर्वीच्या पणजी मतदारसंघाचा, आधीचा इतिहास पाहिला तर ही सलगता किती असाधारण आहे ते कळते. १९६३ मध्ये पीटर आल्वारिस, मग जनार्दन शिंक्रे, पुरुषोत्तम काकोडकर, अमृत कांसार, संयोगिता राणे, शांताराम नाईक, ज्ञानेश्वरीचे अभ्यासक गोपाळराव मयेकर, हरीश झांट्ये, रमाकांत खलप आणि १९९८ मध्ये रवी नाईक. दहा निवडणुका आणि दहा वेगळे खासदार. दुसऱ्यांदा कोणालाही संधी मिळाली नाही. अकराव्या वेळी आलेला खासदार मात्र पंचवीस वर्षांनंतरही तिथेच होता.

याची तीन कारणे दिसतात. पहिले कारण पक्षीय आहे. भाऊसाहेब बांदोडकरांनी महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्षामागे उभा केलेला बहुजन मतदार त्यांच्या १९७३ मधील निधनानंतरही बरीच वर्षे त्या पक्षाशी बांधलेला होता. १९९४ च्या विधानसभा निवडणुकीसाठी मगो आणि भाजप यांची युती झाली. त्याच निवडणुकीत श्रीपाद नाईक मडकईतून आमदार झाले आणि पुढच्या काळात तो मतदार मोठ्या प्रमाणावर भाजपकडे सरकला. दुसरे कारण सामाजिक आहे. नाईक भंडारी समाजाचे. पेडणे, बार्देश, डिचोली आणि तिसवाडी या तालुक्यांत या समाजाची वस्ती दाट आहे. तिसरे कारण स्वभावाचे. 'श्रीपादभाऊ' हे संबोधन कार्यकर्त्यांपुरते मर्यादित नाही. चढा आवाज न लावणारा, भेटता येणारा नेता ही त्यांची ओळख विरोधकही नाकारत नाहीत.

तरीही हा विजय कधीच गृहीत धरण्यासारखा नव्हता. २००९ मध्ये पेडण्याच्या जितेंद्र देशप्रभूंनी त्यांना सुमारे सहा हजार मतांच्या फरकापर्यंत आणले होते. पुढे २०२४ मध्ये हाच फरक एक लाखाच्या पलीकडे गेला. म्हणजे टिकणे हे दर निवडणुकीला पुन्हा कमवावे लागले.

३. मंत्रिपदाच्या तीन पायऱ्या

करून दाखवण्याच्या मापाकडे वळताना मंत्रिपदाच्या पायऱ्या लक्षात घ्याव्या लागतात. कॅबिनेट मंत्री मंत्रिमंडळाच्या बैठकीत बसतो. स्वतंत्र कार्यभार असलेला राज्यमंत्री खात्याचा प्रमुख असतो, पण आपल्या खात्याचा विषय असेल तेव्हाच त्याला बैठकीला बोलावले जाते. साधा राज्यमंत्री कॅबिनेट मंत्र्याने वाटून दिलेल्या कामापुरता मंत्री असतो.

नाईकांच्या वाट्याला दुसरी आणि तिसरी पायरी आली. वाजपेयी सरकारात कृषी, नौवहन, नागरी विमानवाहतूक अशी खाती राज्यमंत्री म्हणून त्यांच्याकडे आली. २०१४ मध्ये पर्यटन आणि संस्कृती, नंतर आयुष स्वतंत्र कार्यभारासह मिळाले. २०१९ पासून आयुषबरोबर संरक्षण खात्याचे राज्यमंत्रिपद होते. २०२१ नंतर पर्यटन आणि बंदरे, २०२४ पासून ऊर्जा आणि नवीकरणीय ऊर्जा या खात्यांत ते पुन्हा राज्यमंत्री झाले.

४. जिथे अधिकार होता : धारगळ

आयुष हा पूर्वी आरोग्य मंत्रालयाचा एक विभाग होता. ९ नोव्हेंबर २०१४ रोजी त्याचे स्वतंत्र मंत्रालय झाले आणि त्याचा पहिला स्वतंत्र कार्यभार नाईकांकडे आला. महिन्याभरातच, ११ डिसेंबर २०१४ रोजी, संयुक्त राष्ट्रांनी २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून जाहीर केला. तो देशभर साजरा करण्याची जबाबदारी याच नव्या मंत्रालयावर पडली.

मतदारसंघाच्या दृष्टीने याहून ठोस गोष्ट पेडणे तालुक्यात धारगळला दिसते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे केंद्र तिथे उभे राहिले. नाईक आयुषमंत्री असताना त्याची पायाभरणी झाली आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी, मोपा विमानतळाबरोबर एकाच दिवशी, पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. विमानतळामागे अनेक सरकारांचे हात होते. आयुर्वेद संस्थेची फाईल मात्र खासदाराच्या स्वतःच्या मंत्रालयात होती. अधिकार आणि मतदारसंघ एका माणसात जुळले की काय होते, याचे हे स्वच्छ उदाहरण आहे.

५. जिथे अधिकार नव्हता : शिरगाव

आता शिरगाव. लोहखनिजाची खाण खोल गेली की भूजलाच्या पातळीखाली उतरते. मग खंदकात साचणारे पाणी रात्रंदिवस पंपांनी उपसावे लागते. उपसा वाढला की आजूबाजूच्या विहिरी आणि झरे आटतात. पावसाळ्यात ढिगाऱ्यावरची खाणमाती वाहून भातशेतात बसते. हे सगळे घरांना लागून घडले, म्हणून शिरगावचे लोक न्यायालयाची पायरी चढले.

खाण ही बाब राज्यसूचीत असली तरी केंद्रीय कायद्याच्या अधीन आहे. पोर्तुगीज काळातल्या सवलतींना संसदेने १९८७ मध्ये कायदा करून, १९६१ पासून लागू होईल असा, भाडेपट्ट्यांचा दर्जा दिला. एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पट्टे २००७ मध्येच संपल्याचे ठरवले. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चच्या मध्यापासून खाणी थांबल्या. एकीकडे उत्खननाने होरपळलेली गावे, दुसरीकडे खाणीवर पोट असलेले ट्रकमालक आणि कामगार. दोघांनाही उत्तर हवे होते ते संसदेकडून. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये लिलाव झाले. त्यांत 'मोंत दी शिरगाव' आणि 'शिरगाव-मये' हे पट्टेही होते.

२०१४ नंतरच्या साऱ्या काळात शिरगावचे खासदार केंद्रात मंत्री होते, पण खाण मंत्रालय त्यांच्याकडे नव्हते. मंत्री झालेला खासदार सभागृहात प्रश्न विचारत नाही आणि खासगी विधेयकही मांडत नाही. सामूहिक जबाबदारीमुळे सरकारच्या धोरणावर तो जाहीर टीका करू शकत नाही. पत्र लिहिणे, भेटी घेणे, सहकारी मंत्र्याकडे शब्द टाकणे हे मार्ग उरतात, आणि त्यांची नोंद मतदाराला दिसत नाही.

६. प्रतिउदाहरण : रमाकांत खलप

लांबी आणि पल्ला यांतला फरक पेडण्याच्या एका नेत्याकडे पाहिल्यावर स्पष्ट होतो. मांद्रेचे आमदार राहिलेले रमाकांत खलप १९९६ मध्ये मगोतर्फे लोकसभेत गेले आणि देवेगौडा सरकारात कायदा राज्यमंत्री झाले. त्यांची खासदारकी दोनच वर्षांची. पण १२ सप्टेंबर १९९६ रोजी महिला आरक्षणाचे पहिले विधेयक लोकसभेत मांडले ते खलपांनी. तो विचार कायद्यात उतरायला २०२३ उजाडले. पुढे २०२४ मध्ये खलप काँग्रेसतर्फे नाईकांसमोर उभे राहिले आणि हरले. मतांच्या मापाने नाईक मोठे ठरले. संसदीय इतिहासातली खलपांची नोंद त्याने पुसली जात नाही.

७. एक आक्षेप आणि निष्कर्ष

यावर कोणी म्हणेल की खासदार विरोधी बाकांवर असता तर शिरगावचे पाणी परत आले असते का? प्रश्न विचारल्याने खाण बुजत नाही, हे खरे. पण सभागृहातल्या प्रश्नाला लेखी उत्तर द्यावे लागते, ते उत्तर कायम नोंदले जाते, आणि गावाला न्यायालयात, ग्रामसभेत, माध्यमांत ते दाखवता येते. २००४ ते २०१४ या दहा वर्षांत नाईक विरोधी बाकांवर होते, म्हणजे ते हत्यार उपलब्ध होते. त्यानंतर ते हत्यार मंत्रिपदात विरघळले.

गोव्याला लोकसभेत दोनच जागा आहेत. त्यांतला एक खासदार मंत्री झाला की लोकसभेत गोव्याच्या वतीने प्रश्न विचारणारा एकच उरतो. उत्तर प्रदेशासारख्या मोठ्या राज्याला ही उणीव जाणवत नाही. छोट्या राज्याला ती निम्म्या आवाजाएवढी पडते. म्हणून मंत्रिपद मिळाल्याचा आनंद साजरा करताना मतदारांनी दोन गोष्टी मागून घ्याव्यात. मंत्री झालेल्या खासदाराने मतदारसंघाच्या प्रश्नांवर कोणत्या मंत्रालयाकडे काय मागितले आणि काय उत्तर आले, याचा वार्षिक लेखा जाहीर करावा. आणि आपला प्रश्न सभागृहात कोण मांडणार, हे राज्यातल्या पक्षांनी त्याच दिवशी ठरवावे. धारगळची संस्था हा दीर्घ कारकिर्दीचा खरा लाभ आहे. शिरगावच्या विहिरींचा हिशेबही त्याच वहीत मांडला गेला, तरच त्या कारकिर्दीचे मोजमाप पुरे होईल.