मळखेडचे आचार्य आणि आपली झोप

गुलबर्ग्याहून सेडमला जाताना कागिणा नदीकाठी मळखेड लागतं. नेमिनाथांच्या दर्शनाला आपल्यापैकी पुष्कळ जणी तिथे जाऊन आल्या असतील. हेच राष्ट्रकूटांचं मान्यखेट. नवव्या शतकात राजा अमोघवर्ष नृपतुंगाच्या सभेत उग्रादित्याचार्यांनी वैद्यांपुढे ठामपणे मांडलं, की औषधात मांसाची गरज नाही. त्यांचा ‘कल्याणकारक’ हा वैद्यकग्रंथ १९४० साली सोलापुरातून हिंदी अनुवादासह छापला गेला. जुनं वैद्यक त्यांनी टाकलं नाही, पारखून घेतलं.

तशीच पारख लठ्ठपणाच्या उपचारातही हवी. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात २१व्या अध्यायात लठ्ठपणा आणि झोप यांचा विचार एकत्रच केलाय. जड, गोड खाणं, व्यायाम नसणं, दिवसा झोपणं आणि आईबापांकडून आलेला पिंड, ही कारणं दिलीत. उपाय म्हणून व्यायाम, चिंतन आणि जागरण हळूहळू वाढवायला सांगितलंय. उन्हाळ्यात दुपारची झोप इतरांना चालते, पण मेद वाढलेल्यांना कधीच नाही.

आपल्याकडे यातलं एवढंच उरलं, “जाड झालीस, झोप कमी कर.” आणि हे ऐकते कोण? पहाटे पाचला उठून भाकऱ्या थापणारी आणि रात्री अकराला ओटा पुसणारी सून! मला वाटतं, जागरणाचा उपाय दिवसभर लोळणाऱ्यांसाठी असावा. कारण त्याच अध्यायात म्हटलंय, की शरीराला आहाराइतकीच झोप लागते.

२०१० साली शिकागोच्या संशोधकांनी वजन जास्त असलेल्या १० जणांना सारखाच कमी आहार दिला. १४ दिवस रात्री साडेआठ तास झोपायला दिले आणि दुसऱ्या खेपेला १४ दिवस साडेपाचच तास. दोन्ही वेळा वजन साधारण तीन किलो उतरलं. पण पुरेशा झोपेत चरबी १.४ किलो गेली, अपुऱ्या झोपेत फक्त ०.६ किलो. बाकी घट झाली ती चरबी सोडून अंगातल्या इतर भागाची, म्हणजे बळाचीच. वर भूकही वाढली. काटा खाली आला म्हणून खूश व्हायचं, ते कशावर?

बायांनो, रात्रिभोजन-त्याग पाळणाऱ्या घरात चूल लवकर विझते. तो वाचलेला वेळ मालिकांना आणि मोबाईलला देऊ नका, झोपेला द्या. आणि आजारी माणसापाशी रात्र जागावी लागलीच, तर वाग्भटाचा सल्ला आहे: जितकं जागरण झालं त्याच्या निम्मा वेळ सकाळी, काही न खाता, झोपावं. सासूबाईंनी विचारलं तर सांगा, शास्त्रात आहे.