पाणी होते, दाब नव्हता : सॅन फ्रान्सिस्कोच्या अग्निशमन जलव्यवस्थेचा इतिहास (१९०६ ते १९८९)

प्रस्तावना

नागरी जीवनाच्या इतिहासात आगीचा विचार बहुधा हानीच्या अंगाने केला जातो. किती घरे जळाली, किती माणसे दगावली आणि शहर पुन्हा कसे उभे राहिले, यांच्या नोंदी आढळतात. आग विझविणाऱ्या पाण्याचा इतिहास मात्र दुर्लक्षित राहतो. अग्निशमनात पाण्याचे प्रमाण जितके महत्त्वाचे तितकाच, किंबहुना त्याहून अधिक, त्या पाण्याचा दाब महत्त्वाचा असतो. जलाशय काठोकाठ भरलेला असूनही शहर जळू शकते, याचे ठळक ऐतिहासिक उदाहरण म्हणजे अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को हे शहर होय. १९०६ च्या भूकंपानंतर लागलेली आग, त्यानंतर उभारलेली स्वतंत्र जलव्यवस्था आणि १९८९ मध्ये तिची झालेली कसोटी या तीन टप्प्यांच्या आधारे जलदाब आणि नागरी नियोजन यांचा संबंध प्रस्तुत लेखात तपासला आहे.

जलदाबाची मूलतत्त्वे

इतिहासाकडे वळण्यापूर्वी काही मूलभूत तत्त्वे लक्षात घेणे आवश्यक आहे. स्थिर पाण्याचा दाब पाण्याच्या एकूण साठ्यावर अवलंबून नसतो, तर त्याच्या उंचीवर अवलंबून असतो. १० मीटर उंचीचा जलस्तंभ तळाशी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम इतका दाब निर्माण करतो. म्हणूनच गच्चीवर टाकी असलेल्या इमारतीत तळमजल्याचा नळ जोरात वाहतो आणि वरच्या मजल्याचा नळ मंद चालतो. ब्लेझ पास्कल या फ्रेंच विचारवंताने सतराव्या शतकात द्रवाच्या दाबाची मांडणी केली. त्याच शतकात, १६४४ मध्ये, इव्हांजेलिस्ता टोरिचेली या इटालियन शास्त्रज्ञाने छिद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा वेग वरच्या जलस्तंभाच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, हे दाखवून दिले. याचा व्यावहारिक अर्थ असा की धारेचा वेग दुप्पट हवा असेल तर उंची चौपट लागते. ३५ मीटर उंचीचा दाब नोझलपर्यंत पूर्णपणे पोहोचला तर पाणी सेकंदाला सुमारे २६ मीटर वेगाने बाहेर पडते.

परंतु दाब पूर्णपणे पोहोचत नाही, हीच खरी अडचण आहे. वाहणारे पाणी नळाच्या भिंतींशी घासते आणि त्यात दाब खर्ची पडतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मनीतील युलियस वाइसबाख आणि फ्रान्समधील हेन्री दार्सी यांच्या अभ्यासातून हा खर्च मोजता येऊ लागला. प्रवाह दुप्पट झाला की घर्षणाने होणारी दाबाची हानी साधारणपणे चौपट होते. उलट, तेवढाच प्रवाह दुप्पट व्यासाच्या नळातून नेला तर ही हानी सुमारे बत्तिसाव्या हिश्शावर येते. जॉन फ्रीमन या अमेरिकन अभियंत्याने होज पाइप आणि नोझल यांवर प्रयोग करून १८८९ मध्ये अग्निशमनाच्या धारांचे जलशास्त्र प्रसिद्ध केले. म्हणजेच १९०६ पूर्वी हे ज्ञान अभियंत्यांना उपलब्ध होते.

तिसरे तत्त्व पाणी खेचण्यासंबंधीचे आहे. पंप पाणी वर ढकलू शकतो, पण खालून खेचताना तो वातावरणाच्या दाबावर विसंबून असतो. ही मर्यादा सैद्धांतिकदृष्ट्या सुमारे १० मीटर आणि व्यवहारात ७ ते ८ मीटर इतकीच आहे. आगीचा बंब कितीही शक्तिशाली असला तरी त्याच्या आवाक्यात पाणी नसेल तर तो निरुपयोगी ठरतो.

१९०६ पूर्वीची व्यवस्था

सॅन फ्रान्सिस्कोला आग नवी नव्हती. सोन्याच्या शोधामुळे लोकांचा लोंढा आला आणि डिसेंबर १८४९ ते जून १८५१ या अवघ्या दीड वर्षात शहरात सहा मोठ्या आगी लागल्या. त्या अनुभवातून रस्त्यांच्या चौकांखाली हौद बांधण्यात आले. पुढे स्प्रिंग व्हॅली वॉटर कंपनी या खाजगी कंपनीने दक्षिणेकडील द्वीपकल्पातील पिलार्सिटोस, सॅन आंद्रेआस आणि क्रिस्टल स्प्रिंग्ज या जलाशयांतून शहरात पाणी आणले. नळ आणि हायड्रंट आल्यावर हौदांची उपेक्षा होऊ लागली. तीनही जलाशय एकाच दिशेला होते आणि त्यांच्या वाहिन्या भूकंपप्रवण सॅन आंद्रेआस प्रस्तरभंगाच्या परिसरातून अथवा मऊ दलदलीच्या जमिनीवरून येत होत्या.

धोक्याची जाणीव कोणालाच नव्हती, असे म्हणता येणार नाही. १९०५ मध्ये विमा कंपन्यांच्या राष्ट्रीय मंडळाने शहराची पाहणी करून, लाकडी बांधकामामुळे येथे महाआगीचा धोका गंभीर असल्याचे नमूद केले होते. अग्निशमन दलाचे प्रमुख डेनिस सलिव्हन यांनी तर समुद्राच्या पाण्यावर चालणारी स्वतंत्र, उच्च दाबाची व्यवस्था असावी असा आग्रह धरला होता. तो मान्य झाला नाही. दलाच्या दक्षतेमुळे शहर आजवर वाचले, म्हणून पुढेही वाचेल, असा एक अलिखित विश्वास त्या काळात रूढ झाला होता.

१९०६ चा भूकंप आणि कोरडे हायड्रंट

१८ एप्रिल १९०६ रोजी पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनी भूकंप झाला. सलिव्हन गंभीर जखमी झाले आणि चार दिवसांनी त्यांचे निधन झाले. शहरात अनेक ठिकाणी आगी लागल्या. जवानांनी हायड्रंट उघडले तेव्हा बहुतेक ठिकाणी पाण्याचा थेंबही आला नाही. आग सुमारे तीन दिवस धुमसत राहिली. जवळपास ५०० चौकवस्त्या आणि २८ हजार इमारती नष्ट झाल्या. सुमारे ४ लाख लोकवस्तीपैकी निम्म्याहून अधिक लोक बेघर झाले. भूकंप आणि आग यांतील बळींची संख्या ३ हजारांहून अधिक असल्याचे आधुनिक संशोधन मानते.

धरणे फुटल्यामुळे हे घडले नव्हते. प्रस्तरभंगालगतचे क्रिस्टल स्प्रिंग्जचे काँक्रीटचे धरण शाबूत राहिले. शहराच्या हद्दीतील जलाशयांमध्येही सुमारे ८ कोटी गॅलन पाणी शिल्लक होते. नाहीसा झाला होता तो दाब. त्याची कारणे तीन पातळ्यांवर दिसतात. पहिली, शहराकडे येणाऱ्या तीनही मुख्य वाहिन्या तुटल्या. दुसरी, शहरातील वितरण वाहिन्या सुमारे ३०० ठिकाणी फुटल्या. भराव घालून तयार केलेल्या जमिनीवर हे प्रमाण सर्वाधिक होते. व्हॅलेन्शिया स्ट्रीट परिसरात जमीन खचल्याने तेथील वाहिन्या फुटल्या आणि कॉलेज हिल जलाशयातील पाणी त्या वाटेने वाहून गेले. तिसरी, सुमारे २३ हजार घरगुती जोडण्या तुटल्या.

हे तिसरे कारण सहसा गौण मानले जाते, परंतु जलशास्त्राच्या दृष्टीने ते अत्यंत महत्त्वाचे आहे. प्रत्येक जोडणीचा व्यास केवळ २ सेंटिमीटर धरला तरी २३ हजार जोडण्यांच्या तोंडांचे एकत्रित क्षेत्रफळ सुमारे ३ मीटर व्यासाच्या एका छिद्राएवढे होते. शहराकडे येणाऱ्या सर्वांत मोठ्या वाहिनीचा व्यासही सव्वा मीटरहून कमी होता. आग पुढे सरकत होती आणि कोसळणारे प्रत्येक घर आपला नळ उघडा टाकत होते. तुटलेल्या ठिकाणी पाणी वेगाने बाहेर पडू लागले की जलाशयाच्या उंचीने दिलेला सारा दाब त्या प्रवाहाच्या घर्षणातच खर्च होतो. त्यापलीकडील, विशेषतः चढावरील हायड्रंटपर्यंत काहीच पोहोचत नाही.

जेथे दाब टिकला

आग कोठे थांबली, याचा विचार केल्यास हाच मुद्दा दुसऱ्या बाजूने स्पष्ट होतो. सरकारी टांकसाळीच्या आवारात स्वतःची विहीर आणि पंप होता. शहराच्या वाहिन्यांवर ती अवलंबून नव्हती. आतील कर्मचारी आणि सैनिक यांनी कित्येक तास झुंज देऊन ती इमारत वाचविली. बंदराच्या काठावर नौदलाच्या नौकांनी समुद्राचे पाणी होज पाइपांतून पुरविले आणि धक्क्यांचा मोठा भाग बचावला. मिशन भागात ट्वेंटिएथ आणि चर्च या रस्त्यांच्या चौकाजवळील एक हायड्रंट चालू राहिला. त्याच्या पाण्यामुळे आग त्या रेषेवर अडविता आली. दरवर्षी १८ एप्रिल रोजी पहाटे त्या हायड्रंटला सोनेरी रंग देण्याची प्रथा पुढे रूढ झाली. काही ठिकाणी जुन्या हौदांतून, तर काही ठिकाणी गटारांतून बंबांनी पाणी खेचले. या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. पाण्याचा साठा लहान असो वा मोठा, तो जवळ होता आणि त्याला दाब देणारे साधन शाबूत होते.

नवी योजना

सलिव्हन यांची कल्पना त्यांच्या पश्चात स्वीकारली गेली. १९०८ मध्ये नागरिकांनी ५२ लाख डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली आणि नगर अभियंता मार्सडेन मॅन्सन यांच्या मार्गदर्शनाखाली केवळ अग्निशमनासाठी स्वतंत्र जलव्यवस्था उभारण्यात आली. १९१३ पर्यंत तिचे मुख्य काम पूर्ण झाले. तिची रचना म्हणजे वर उल्लेखिलेल्या तत्त्वांचे प्रत्यक्ष रूप होय.

ट्विन पीक्स टेकडीवर समुद्रसपाटीपासून सुमारे २३१ मीटर उंचीवर १ कोटी गॅलनचा जलाशय बांधला गेला. एवढ्या उंचीचा दाब समुद्रकाठी चौरस सेंटिमीटरला सुमारे २३ किलोग्रॅम भरतो. तो थेट वापरणे धोक्याचे असल्याने शहराचे वरचा आणि खालचा असे दोन दाबविभाग पाडण्यात आले. वरच्या विभागासाठी सुमारे १५० मीटर उंचीवर ॲशबरी टाकी, तर खालच्या विभागासाठी सुमारे ११२ मीटर उंचीवर जोन्स स्ट्रीट टाकी बांधली गेली. उंचीवरील साठ्याला पंप वा इंधन लागत नाही, हा त्याचा मोठा गुण होय. साठा संपल्यास समुद्राचे पाणी भरण्यासाठी किनाऱ्यावर दोन पंपगृहे आणि दोन अग्निशमन नौका ठेवण्यात आल्या. त्यांपैकी एका नौकेला सलिव्हन यांचे नाव दिले गेले. जमीन जेथे मऊ होती तेथील वाहिन्या व्हॉल्व्ह बंद करून इतरांपासून वेगळ्या करता येतील, अशी सोय केली गेली. शिवाय सर्व वाहिन्या निकामी झाल्या तरी पाणी मिळावे म्हणून प्रत्येकी ७५ हजार गॅलनचे हौद चौकांखाली बांधले गेले. सुमारे साठ वर्षांपूर्वीची जुनाट वाटणारी युक्ती अशा रीतीने पुन्हा प्रतिष्ठित झाली.

१९८९ ची कसोटी

१७ ऑक्टोबर १९८९ रोजी सायंकाळी ५ वाजून ४ मिनिटांनी लोमा प्रिएटा भूकंप झाला. भराव घातलेल्या मरीना भागात घरे कोसळली आणि आग लागली. त्या भागातील नेहमीच्या वाहिन्या अनेक ठिकाणी फुटल्या. स्वतंत्र व्यवस्थाही अपुरी पडली. सेव्हन्थ स्ट्रीटवरील १२ इंची वाहिनी आणि इतर काही भाग फुटल्यामुळे जोन्स स्ट्रीट टाकीतील सुमारे ७.५ लाख गॅलन पाणी अर्ध्या तासाच्या आसपास वाहून गेले. खालच्या विभागातील दाब नाहीसा झाला. व्हॉल्व्ह होते, पण ते वेळेत बंद झाले नाहीत. १९०६ ची परिस्थिती लहान प्रमाणात पुन्हा उद्भवली होती.

शहर वाचले ते तिसऱ्या फळीमुळे. फिनिक्स ही अग्निशमन नौका किनाऱ्याला आली. फ्रँक ब्लॅकबर्न या अधिकाऱ्याच्या पुढाकाराने काही वर्षांपूर्वी दलाने ५ इंच व्यासाचे होज पाइप आणि सुटे हायड्रंट वाहून नेणारी वाहने तयार ठेवली होती. मोठ्या व्यासामुळे घर्षण कमी झाले आणि समुद्राचे पाणी पुरेशा दाबाने आगीपर्यंत पोहोचले. त्या सायंकाळी वारा मंद होता, हेही सुदैव मानावे लागेल. आग आसपासच्या वस्तीत पसरण्यापूर्वी आटोक्यात आली. पुढील काळात दूरवरून बंद करता येणारे व्हॉल्व्ह बसविण्यात आले आणि हौदांची संख्या वाढवून ती २०० च्या पुढे नेण्यात आली.

या इतिहासाचा व्यापक अर्थ

हा प्रश्न केवळ भूकंपापुरता मर्यादित नाही. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या पॅलिसेड्स भागातील वणव्यात सुमारे १५ तास पाण्याची मागणी नेहमीच्या चौपट राहिली. टेकडीवरील टाक्या भरून निघण्यापूर्वीच रिकाम्या झाल्या आणि उंचावरील हायड्रंट कोरडे पडले. महाराष्ट्रातील शहरांना तर हा विषय अधिक जवळचा आहे. येथील बहुतेक शहरांत पाणी ठरावीक वेळेतच सोडले जाते. उरलेल्या वेळेत वाहिन्यांत दाब नसतो, त्यामुळे रस्त्यावरील हायड्रंटचे अस्तित्व आगीच्या वेळी नाममात्र ठरू शकते. अशा परिस्थितीत इमारतीची स्वतःची टाकी आणि पंप हेच टांकसाळीच्या विहिरीचे काम करतात. ती टाकी भरलेली आहे का आणि तो पंप चालतो का, हे तपासणे ही औपचारिकता राहू नये.

निष्कर्ष

१. १९०६ ची आपत्ती पाण्याच्या अभावाची नव्हती. दाब टिकवून ठेवणारे जाळे तुटल्याची ती आपत्ती होती.

२. दाब निर्माण करण्याइतकेच गळणारा भाग त्वरित वेगळा करणे महत्त्वाचे असते. १९८९ मध्ये उणीव राहिली ती याच बाबतीत.

३. एकच उत्तम व्यवस्था पुरेशी नसते. उंचीवरील टाकी, समुद्राचे पाणी, हौद आणि सुटे होज पाइप यांपैकी एक निकामी झाले तरी दुसरे उपयोगी पडते.

४. शास्त्रीय ज्ञान उपलब्ध असणे आणि त्यावर खर्च करण्याचा सार्वजनिक निर्णय होणे यांत मोठे अंतर असते. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये ते अंतर कापले गेले, परंतु शहर जळाल्यानंतर.