चाल आणि लिपी

साहित्याच्या अभ्यासकाला संहिता गृहीत धरण्याची सवय असते. नृत्याच्या इतिहासकाराला ती सोय नाही. ॲन हचिन्सन गेस्ट (१९१८–२०२२) यांनी आपले आयुष्य हीच उणीव भरून काढण्यात वेचले. नर्तकी म्हणून घडलेल्या गेस्ट यांनी १९४० साली सहकाऱ्यांसह न्यूयॉर्कमध्ये ‘डान्स नोटेशन ब्यूरो’ स्थापन केला आणि रुडॉल्फ लाबान यांची १९२८ मधील नृत्यलिपी रुजवली. ही लिपी खालून वर वाचायची. चिन्हाचा आकार दिशा सांगतो, छटा पातळी सांगते आणि लांबी काळ.

निजिन्स्कीने १९१२ सालच्या आपल्या ‘फोन’ या बॅलेचे टिपण १९१५ मध्ये स्वतःच्या लिपीत केले होते. ते कित्येक दशके कोणालाच वाचता आले नाही. बॅले स्मरणावर चालत राहिला. १९८०च्या दशकात गेस्ट आणि क्लाउडिया येश्के यांनी ते उलगडले, तेव्हा स्मरणातला ‘फोन’ मूळ टिपणापासून दूर सरकलेला आढळला.

यावरून स्मरण अविश्वसनीय ठरते काय? हा प्रश्न आम्ही जव्हार तालुक्यातील दाभोसा परिसरासमोर ठेवून पाहतो. वाळलेला भोपळा आणि बांबू यांपासून केलेला तारपा वाजू लागला, की वारली स्त्री-पुरुष साखळी धरून वादकाभोवती फिरतात. त्याच्याकडे पाठ करीत नाहीत. वादकाने चाल बदलली, की पावले बदलतात. सुराची रचना आणि पायांची गती या दोहोंना मराठीत ‘चाल’ हा एकच शब्द आहे, आणि इथे तो अक्षरशः खरा ठरतो. वादन हीच या नृत्याची लिपी होय.

जिव्या सोमा मशे (निधन २०१८) यांच्या चित्रांमुळे या नृत्याचे वेटोळे जगभर पोचले. परंतु चित्र रचना टिपते, काळ टिपत नाही. ध्वनिमुद्रित चालीवर बसवलेल्या नाचात काळ असतो. पण मुद्रणाला समोरची पावले दिसत नाहीत.

निजिन्स्कीपाशी संहिता होती, वाचक नव्हता. इथे वाचक आहेत, पण संहिता दर वेळी वादकाच्या श्वासातून नव्याने उमटते. म्हणून येथील बदलाला आम्ही पाठभ्रंश म्हणणार नाही. या नृत्याचे जतन करायचे, तर आधी तारपा करणारे आणि वाजवणारे हात टिकले पाहिजेत. लिपी त्यांची सोबत करील, त्यांची जागा घेऊ शकणार नाही.