जोशी-अभ्यंकर खून खटला आणि आमचे मामा

परवा नात सुट्टीला आली होती. मोबाइलवर कुठलीशी इंग्रजी मालिका बघत बसली होती. एक निवृत्त गुप्तहेर, शहरात एकामागून एक खून, आणि त्यातच त्याच्याशी बोलणं टाकलेली त्याची मुलगी बेपत्ता. मला म्हणाली, "आजोबा, असं खरं कुठं घडतं का?" मी "हो" म्हणालो, तर ती हसली. तिला वाटलं, आजोबांची नेहमीची थट्टा. मग म्हटलं, लिहूनच ठेवावं. या गोष्टीतली घरची माणसं आता गेली. सांगणारा मी एकटाच उरलो आहे.

मंडळी, गोष्ट १९७६-७७ सालची. मी तेव्हा नुकताच बी. ए. होऊन तळेगावच्या बाजूला शाळेत लागलो होतो आणि इंद्रायणीकाठी आंबीला मामांकडे राहत होतो. आज आंबी म्हटलं की कॉलेजं आणि कारखान्यांच्या बसगाड्या डोळ्यांपुढे येतात. तेव्हा भाताची खाचरं, नदी आणि संध्याकाळी सातला सामसूम. मामा पुण्याच्या पोलिसात होते. बरीच वर्षं साध्या कपड्यांतल्या तपासाच्या कामावर. जमादार म्हणून निवृत्त होऊन गावी आले होते. माणूस एकदा पाहिला की त्याची चाल दहा वर्षं विसरत नसत.

त्यांची मुलगी, घरात तिला बेबी म्हणत, १९७३ साली परजातीतल्या मुलाशी लग्न करून पुण्यात राहायला गेली. मामांनी एकच वाक्य उच्चारलं, "माझ्या लेखी ती मेली." त्यानंतर घरात तिचं नाव निघालं नाही.

आता त्या खुनांविषयी. तरुण वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. १६ जानेवारी १९७६ला प्रकाश हेगडे या विद्यार्थ्याचा खून झाला, पण तो उघडकीला आला सव्वा वर्षाने. ३१ ऑक्टोबरला विजयनगर कॉलनीत अच्युत जोशी, त्यांच्या पत्नी उषा आणि मुलगा आनंद यांना गळे आवळून मारलं. नोव्हेंबरात शंकरशेट रस्त्यावरच्या एका बंगल्यात असाच प्रयत्न झाला, पण घरच्यांनी आणि नोकरांनी झुंज दिली म्हणून ते वाचले. आणि १ डिसेंबरच्या रात्री भांडारकर रस्त्यावर संस्कृतचे पंडित काशिनाथशास्त्री अभ्यंकर, वय ८८, त्यांच्या पत्नी इंदिराबाई, नात जाई, नातू धनंजय आणि घरकाम करणाऱ्या सकुबाई वाघ, अशी पाच माणसं एकाच घरात मारली गेली. नायलॉनची दोरी, तोंडात बोळे, आणि कुत्र्यांना माग लागू नये म्हणून शिंपडलेलं अत्तर.

पुणं हबकलं. दिवेलागणीला रस्ते ओस पडू लागले. दाराला साखळ्या आल्या, खिडक्यांना गज आले. त्यातून आणीबाणी चालू, वर्तमानपत्रांवर बंधनं. जे छापून येई त्यावर लोकांचा विश्वास नाही आणि जे छापून येत नसे त्याच्या अफवा. पानशेतनंतर पुणं एवढं घाबरलेलं मी पाहिलं नव्हतं, असं माझे एक जुने शिक्षक म्हणत. मला ते पटतं. पूर आला तो एका दिवसात ओसरला. ही भीती मात्र रोज संध्याकाळी नव्याने येई.

त्या गुरुवारी मी तळेगावहून वर्तमानपत्र आणलं. मामांनी ते ओट्यावर बसून वाचलं, मग घडी घालून परत उघडलं. जाई अभ्यंकरचं वय २१. मामा काही बोलले नाहीत. रात्री जेवले नाहीत. रविवारी पहाटे उठून मला म्हणाले, "मास्तर, पुण्याला येता का? जरा काम आहे." काम कुठलं ते मी विचारलं नाही.

गाडीत त्यांनी सांगितलं. बेबी कुठं राहते ते शोधायचं. मी म्हणालो, "तुमच्या जुन्या ओळखी आहेत की, चौकीवर विचारू." ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "काय विचारू? जन्मभर दुसऱ्यांची पोरं हुडकली आणि स्वतःच्या पोरीचा पत्ता ठाऊक नाही, असं सांगू?"

मग त्यांची जुनी पद्धत सुरू झाली. दुधाच्या केंद्रावर रांगेत उभं राहायचं, रेशनच्या दुकानात गप्पा मारायच्या, इस्त्रीवाल्याला बिडी द्यायची. एरवी या मार्गाने दोन दिवसांत माणूस सापडला असता. पण ते दिवस वेगळे होते. एक अनोळखी म्हातारा एका तरुण बाईची चौकशी करतोय म्हटल्यावर लोक आत जाऊन कडी लावत. नारायण पेठेत एका वाड्याच्या दारातून तर आम्हाला हाकललंच. संध्याकाळी पुलाजवळ एका तरुण पोलिसाने अडवलं.

"काय काम आहे बाबा एवढ्या उशिरा?"

"मुलगी शोधतोय."

"हरवली? तक्रार दिलीत?"

"हरवली नाही. तिच्या घरीच असंल. घर कुठं ते मला ठाऊक नाही."

त्या पोराला काही कळलं नाही. आपण नोकरीत होतो हे मामांनी त्याला सांगितलं नाही.

पुढच्या रविवारीही तेच. चालून चालून मामांचे पाय सुजले. आता इथे मला एक कबुली द्यायची आहे. ती द्यायलाच पन्नास वर्षं गेली.

मला पत्ता ठाऊक होता.

बेबी दर महिन्याला आईला पोस्टकार्ड टाकी. ते माझ्या नावाने शाळेच्या पत्त्यावर येई, आणि मी ते मामींना वाचून दाखवी. मामी ती कार्डं तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवत. "यांना कळू द्यायचं नाही," अशी त्यांनी मला शपथ घातली होती. शपथ घातली होती हे खरं, पण दोन रविवार मी त्या माणसाबरोबर तंगड्या तोडत हिंडलो आणि गप्प बसलो, हेही खरं. माझ्या मनात थोडी शिक्षा देण्याची भावना होती. तीन वर्षं शोधली नाहीत, आता शोधा... असं काहीसं. पंचविशीत माणूस फार न्यायी असतो.

दुसऱ्या रविवारी रात्री मामींनी परातीत गरम पाणी आणून मामांचे पाय त्यात ठेवले. पायाकडे बघितलं, उठल्या, डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि कार्डांचा गठ्ठा त्यांच्या पुढ्यात टाकला. मामांनी पत्ता वाचला. मग माझ्याकडे बघितलं. कार्डांवर माझं नाव होतं. ते एवढंच म्हणाले, "घरात तपास करायचा राहून गेला."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी बरोबर गेलो. दार साखळीपुरतं उघडलं. फटीतून बेबीने विचारलं, "कोण?" मामा म्हणाले, "मी." बराच वेळ काही हाललं नाही. मग साखळी निघाली. मामा आत गेले नाहीत. उंबऱ्यात उभं राहून त्यांनी कडी हलवून पाहिली. "तकलादू आहे. सुतार आणतो." खरोखरच सुतार आणला, समोर उभं राहून नवा अडसर बसवून घेतला, मागच्या खिडकीचे गज तपासले. मग चहा घेतला. जावई कामावरून यायच्या आत निघाले. त्याच्याशी बोलायला त्यांना आणखी दोन वर्षं लागली.

खुनी सापडले ते पुढच्या मार्चमध्ये. २१ मार्च १९७७ला आणीबाणी उठली आणि दोनच दिवसांनी अनिल गोखले या तरुणाचा खून झाला. शिडीला बांधून, दगड लावून नदीत टाकलेला देह वर आला. दोरी आणि गाठी आधीच्या खुनांशी जुळल्या आणि सूत्रं उलगडली. राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप, मुनव्वर शाह. चौघेही टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी. सुहास चांडक माफीचा साक्षीदार झाला. सप्टेंबर १९७८मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने फाशी सुनावली, ती वरपर्यंत कायम झाली आणि २७ नोव्हेंबर १९८३ला येरवड्यात चौघे फासावर गेले.

लोक आरोपींना शिव्या देत होते तेव्हा मामा एकाच तपशिलापाशी अडकले होते. प्रकाश हेगडेच्या खुनाचा. त्याच्या वडिलांचं कॉलेजच्या मागेच हॉटेल होतं. मारण्यापूर्वी त्या चौघांनी त्याच्याकडून वडिलांना चिठ्ठी लिहून घेतली होती, की मी घर सोडून जातो आहे. देह पिंपात घालून तळ्यात बुडवला होता. मामा म्हणाले, "अक्षर पोराचंच. मी असतो तर मीही कागदावर लिहिलं असतं, रागाने घरातून निघून गेला. असं किती पोरांबद्दल लिहिलं असंल मी." मग थोड्या वेळाने, "बेबीला काही झालं असतं तर माझ्याकडे कोण कळवायला येणार होतं?"

इतिहास शिकवताना मी मुलांना सनावळ्या पाठ करायला लावल्या. या खटल्याला आपण 'जोशी-अभ्यंकर' म्हणतो. मेली दहा माणसं. हेगडे आणि गोखले त्या नावात नाहीत. सकुबाई वाघ तर कुणाच्या लक्षातही नसतात. त्यांच्याही घरी कुणीतरी दिवा लावून वाट बघत असेलच.

मामा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. शेवटच्या आजारात बेबीच उशाशी होती. त्यांच्या पेटीत ती पोस्टकार्डं निघाली. तपासाच्या कागदांना लावतात तसे तारखेप्रमाणे लावून, टाचून, वर क्रमांक घातलेले.

नातीला हे सगळं सांगितलं. ती मोबाइल बाजूला ठेवून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "आजोबा, त्यांनी तुम्हाला माफ केलं?"

विचारायचं राहून गेलं. असो.